तुमच्या नावाचा उजेड

नांदेड, सोमवार, सकाळ

ती. धोंडप्पा अण्णांना गौरम्माचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

तुमचा उजवा गुडघा आणि रत्नम्मा वहिनींचा रक्तदाब दोन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. हे मुद्दाम आधी लिहिते, कारण तुमच्या संगमेशने काल फोनवर मला तुमचा हुकूम ऐकवला : आत्या गटारात पडली, एकटीने राहायचं तिचं वय गेलं, येत्या रविवारी टेम्पो नेऊन तिला सामानासकट उदगीरला आणायचं. अण्णा, फ्रिज हलवतात तसं बहिणीला हलवत नसतात. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र. यात तुम्हाला मध्येच बोलायची सोय नाही.

पहिली दुरुस्ती. ते गटार नव्हतं, पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला खड्डा होता. आणि त्यात मी पडले नाही, माझा डावा पाय पडला. बाकीची मी काठावरच होते. दोष पायाचा नाही, अंधाराचा आहे. आमच्या गल्लीच्या खांबावरचा दिवा अक्षय्य तृतीयेपासून बंद होता, आणि हल्ली तर तिथे नुसता खांबच आहे. कॉलनीचे अध्यक्ष बजरंगराव (महसूल खात्यातून निवृत्त झाले, पण ते त्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही) दर आठवड्याला मला एकच सांगतात, ‘मॅडम, पाठपुरावा करून राहिलो ना!’ पाठ मला रोज दिसते, पुरावा एकदाही दिसला नाही. मी हे त्यांना इंग्रजीत सुनावलं. (कॉन्व्हेंटने माझी जीभ बिघडवली असं तुम्ही आजही म्हणता. बिघडवली नाही अण्णा, तिला धार लावून दिली. सिकंदराबादला मामांकडे ठेवून शिकवायचं ते आप्पांनी ठरवलं होतं, तक्रार त्यांच्याकडे करायला हवी होती.)

बाजारातून एक टॉर्च आणला. त्याच्या उजेडात फक्त तो टॉर्च चालू आहे एवढं कळायचं. तेव्हा ठरवलं की आपणच करायचा. मोबाइलवर दोन दिवस व्हिडिओ पाहिले आणि घरातली अडगळ काढली. शिवप्रसादचा जुना लॅपटॉप (माझा मुलगा पुण्याला गेला, त्याच्या मेलेल्या वस्तू माझ्याकडे नांदतात) उघडून त्याच्या बॅटरीतले सहा सेल काढले. मीटर लावून पाहिलं तर दोनच मेलेले, चार चांगले जिवंत. दोघांसाठी सहाही अडगळीत टाकायचे, ही पद्धत मला ओळखीची वाटली. उजेड एकवटायला ह्यांच्या स्कूटरच्या हेडलाइटची वाटी घेतली. ती काढताना थोडा वेळ थांबले होते, पण त्यांना आवडलं असतं. एलईडीची पिवळी चकती पन्नास वॅटची, एका पडीक दिव्यातली. (त्या दिव्याविषयी शेवटी.) सेलचं व्होल्टेज चकतीला पुरेना, म्हणून ते वाढवणारी बोटाएवढी पट्टी सटवाजी रेडिओवाल्याच्या भंगाराच्या खोक्यातून उचलली. तो म्हणाला, ‘बाई, ह्ये तुमचं काम न्हाई. हात भाजंल.’

हात भाजला. पण त्याला ते कळवायची गरज नव्हती. पहिल्या खेपेला चकती नुसतीच जोडली, तर अर्ध्या मिनिटात टेबलक्लॉथला भोक पडलं. मग जुन्या कॉम्प्युटरमधला ॲल्युमिनियमचा दात्यांचा ठोकळा तिच्या पाठीशी बसवला, तेव्हा ती थंड डोक्याने जळायला लागली. दुसऱ्या खेपेला वायरी उलट्या जोडल्या. सोल्डरिंग मला अवघड गेलं नाही. शिवणाच्या तासाला सिस्टर बर्नडेट एकच टाका सात वेळा उसवायला लावायच्या, मी सोल्डर नऊ वेळा उसवलं. हे सगळं बसवायला भक्कम डबा हवा होता. माझ्या वास्तुशांतीला तुम्ही दिलेला स्टीलचा उभा डबा आठवतो? तोच घेतला. विभूतीने घासून असा लख्ख केला की दुकानातला वाटावा.

शनिवारी संध्याकाळी सातला गल्लीत उतरून बटण दाबलं. अण्णा, तिसऱ्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवरचा कावळा उठून बसला! समोरची चांगुणाबाई ओरडली, ‘आगं माय, दिवस उगवला का काय!’ आणि पाच मिनिटांत सहा बायका माझ्यामागे फिरायला निघाल्या. वैशाखापासून घरात कोंडलेल्या बायका त्या. खड्डा दिसत होता, खड्ड्यातला दगड दिसत होता, दगडावरची मुंगी दिसत होती. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि उजेडात एक मोठी पाठ आली. बजरंगराव पाण्याच्या व्हॉल्व्हवर वाकलेले, हातात चावी. आमच्या गल्लीचं पाणी स्वतःच्या गल्लीकडे वळवत होते! चार महिने आमच्या नळाला नुसती हवा का येते ते तेव्हा कळलं, आणि दिव्याच्या पाठपुराव्याला एवढा वेळ का लागतो तेही कळलं.

ते वळले, उजेड थेट डोळ्यांत गेला, ‘कोन हाय रं!’ म्हणत दोन पावलं मागे सरकले आणि खड्ड्यात गेले. दोन्ही पाय. (मी फक्त एक घातला होता, याची नोंद घ्यावी.) चांगुणाबाईने आधी व्हॉल्व्ह फिरवला, मग त्यांना हात दिला. त्या दिवशी आमच्या गल्लीला तासभर धो धो पाणी आलं.

तर सांगायचं हे की मी धडधाकट आहे, माझ्या घरात माझ्या उजेडात राहायला समर्थ आहे. टेम्पो पाठवू नये. वहिनींना नमस्कार, संगमेशला आशीर्वाद आणि एक चापट.

तुमची धाकटी बहीण,
गौरम्मा

ता. क. : एक बारीक गोष्ट राहिली. टॉर्चमागे कोण आहे ते समोरच्याला दिसत नाही. म्हणून मी तो तिथल्याच एका भिंतीवर ठेवून घरी आले. (पळाले नाही. झपाझप चालले.) बायकांनी तोंड उघडलेलं नाही. पण डब्यावर तुम्ही हौसेने कोरून घेतलेलं ‘श्री. धोंडप्पा बिरादार, उदगीर यांजकडून सप्रेम भेट’ विभूतीमुळे फार स्वच्छ वाचता येतं. माझं आडनाव सासरचं, त्यामुळे कोणाला संशय नाही. कॉलनीच्या ग्रुपवर बजरंगरावांनी ‘उदगीरच्या बिरादार नामक इसमाने’ आपल्यावर हल्ला केल्याचं लिहिलं आहे आणि शनिवारी सभा बोलावली आहे. इसमाने यावं आणि ‘डबा माझाच’ एवढंच म्हणावं. यात खोटं काही नाही. त्यांनी आवाज चढवला तर फक्त व्हॉल्व्ह हा शब्द उच्चारावा. हे माझ्यावर आलं, तर संगमेश रविवारची वाटही बघणार नाही.

ता. क. २ : काल वायरमन आला. खांबावरचा बिघडलेला दिवा मागे त्यानेच उतरवून माझ्या भिंतीशी ठेवला होता म्हणे, आणि आता तो दुरुस्त करून चढवायचा होता. उघडला तर आत चकती नाही. सगळे हळहळले, मीही हळहळले. तेव्हा येताना पन्नास वॅटची एक चकती आणाल का? इथली त्या डब्यातच आहे, आणि ती मी परत देणार नाही.

ता. क. ३ : शनिवारी दिवस मावळायच्या आत पोचा आणि काठी आणा. खड्डा अजून तसाच आहे, आणि गल्लीतला एकुलता एक उजेड तुमच्या नावानं बजरंगरावांच्या कपाटात पुरावा म्हणून बंद आहे.