बॉयलरच्या बार्जचा दाखला

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, समुद्रात बार्ज ओढून नेण्याच्या कामाचा निवृत्त तपासनीस, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात धाकट्या भावाचं नाव होतं.

१. राहतं घर गच्चीसह मुलीला. गच्ची गळते हे तिला माहीत आहे. जावयाने ती स्वतः दुरुस्त करायला जाऊ नये. त्याने बसवलेला नळ अजून टपकतो आहे.

२. वायरची जाडी मोजायचं माप, हातोडी आणि माझ्या वह्या बार्ज ओढणाऱ्या टगच्या कप्तानाला. ओढायची वायर लांब सोडावी, मध्ये पाण्यात झोळ पडू द्यावा, लाटेचा हिसका तो झोळ खातो, हे माझं पालुपद त्या एकट्याने ऐकलं. बाकीचे "म्हाताऱ्याची टकळी सुरू झाली" म्हणून चहाला उठायचे.

३. धाकट्या भावाला काही नाही. आमच्या दोघांची ऑफिसातली तसबीर हवी तर न्यावी. काच फुटलेली आहे. मीच फोडली.

४. त्याचं कारण असं. मुलीच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर जाताना मी, बार्जवरचा माल नीट बांधला आहे असं सांगणाऱ्या दाखल्यांच्या अख्ख्या कोऱ्या पुस्तकावर सह्या करून ठेवल्या. बार्ज खोळंबू नये म्हणून आमच्या धंद्यात हे सर्रास चालायचं. मागे ऑफिस सांभाळणाऱ्या भावाने त्यातला एक फाडून साठ टनी बॉयलरच्या बार्जला दिला. बॉयलर बांधायला सोळा साखळ्या हव्या होत्या, होत्या दहा. माल बांधणारा मुकादम आणखी सहा मागत होता. कप्तानादेखत भाऊ त्याला म्हणाला, "दाखल्यावर दादाची सही आहे. तुला दादापेक्षा जास्त कळतं का रे?" मुकादम बार्जवर चढला. भर समुद्रात बॉयलर घसरला, बार्ज कलंडली, मुकादम बुडाला. हे कप्तानाने मला नंतर सांगितलं. चौकशीत त्याला कोणी बोलावलंच नाही.

५. वाचणारा म्हणेल, भाऊ नालायक. आहेच. पण "रजेवर जायच्या आधी साखळ्या मी स्वतः मोजल्या, सोळा होत्या" असं चौकशीत शपथेवर सांगितलं ते मी, परवाना वाचवायला. मग खापर फुटलं मेलेल्याच्या माथी: मुकादमाने साखळ्या नीट आवळल्या नाहीत. त्याची बायको चौकशीनंतर जिन्यात मला म्हणाली, "साहेब, त्यांचा हात कधी ढिला नव्हता हो." मी "बघू" म्हणालो. एकवीस वर्षं झाली. मला माझी लाज वाटते.

६. म्हणून हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचं नाही. उद्या सकाळीच मुलीने एक प्रत मुकादमाच्या बायकोला नेऊन द्यावी, दुसरी चौकशी कार्यालयात. साक्षीला आलेले शेजारचे डॉक्टर म्हणाले, "काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात." गेल्यावर काय उपयोग? त्या बाईला माझ्या तोंडावर थुंकायचं असेल, तर ते तोंड जागेवर हवं. मी घरीच आहे. दार लोटलेलं असेल, कडी लावणार नाही.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: अकरा मार्च, गुरुवार
लिहून देणार: (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. शेजारचे डॉक्टर (सही)
२. समोरचे शिंपी (सही)