लिफ्टमधल्या बाईचा पिक्चर

ताई,

"डोळे मीट वं मिने, भूत गेलं की सांगतो," असं लहानपणी तू म्हणायची, आन् स्वतःच उशीत तोंड खुपसून बसायची! आज हॅलोविन म्हणून भुताचे दोन पिक्चर टीव्हीवर काढून ठेवले आहेत. बाहुलीचा आधी पाहा, मस्त आहे. लिफ्टमधल्या बाईचा त्याहून भारी, पण तुझ्या सवयीनं आवाज बंद करून नको पाहू. बिचारी भुताची बाई मुकी वाटते. चिवडा डब्यात आहे.

मी धंतोलीत डॉक्टरांकडे चालली. गाठीचा रिपोर्ट आज मिळणार. काल तुले म्हटलं, "नको येऊ, काही नाही होत." पण ताई, पिक्चर राहू दे, तू तिथंच ये. मले लय भेव वाटून राहिलं.

मिनल