विहिरीकडची संत्री

मानोरा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. योगिनीस,
अनेक आशीर्वाद. फोनवर आपलं भांडण होतं आणि तू मधेच ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. आपल्या गावचा हरीओम शारजाला परत निघालाय, त्याच्याजवळ संत्र्यांची पेटी देतो आहे.

बांगलादेशाने आपल्या संत्र्यावरचा आयातकर वाढवल्यापासून बारक्या फळाला कुणी विचारत नाही. विहिरीकडची बाबांनी लावलेली झाडं म्हातारी झाली, बारकंच देतात. पाडव्यानंतर ती उपटणार. झाडं कायले तोडता म्हणून तुझ्या रेणूवहिनीने अबोला धरलाय, त्यामुळे घरात फारच शांतता आहे. तू म्हणालीस, आधी माझ्या फळांच्या पेढीच्या शेठना फळ दाखवू दे. दाखव. नव्या बागेतलं एकेक मोठं फळ मी स्वतः निवडलंय. बहिणीच्या घरी लहान फळ पाठवत नसतात. शेठ बघतच राहतील.

रुचिकाला गोड पापा. माया आहे, ती भांडणाने आटू देऊ नकोस.

तुझा,
भागवतदादा

शारजा,
१९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. पेटी पोहोचली. रागावू नकोस, पण तुझ्या मोठ्या फळांची साल पोकळ, निम्मी वाटेतच दबली. शेठ म्हणाले, इथे इजिप्तचं, दक्षिण आफ्रिकेचं, पाकिस्तानचं फळ ओळीने मांडलेलं असतं, त्यात हे कोण घेणार. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग तळाशी बारकी फळं निघाली. मोठी हलू नयेत म्हणून वहिनीने फटींत कोंबलेली, विहिरीकडचीच. वासावरून ओळखली मी, वहिनीनेही फोनवर कबूल केलं. एकही दबलं नव्हतं. शेठनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं खिशात घातलं. इथली मुलं शाळेच्या डब्यात असंच फळ नेतात, मुठीत मावणारं, पटकन सोलणारं. बियांबद्दल कुरकुरले, पण चवीसाठी चालवून घेतलं. दोन टन मागवलंय. पसंत पडलं तर दरवर्षी घेतील. आता त्या झाडांना हात लावलास तर मी माहेरी पाऊल टाकणार नाही.

आधी वहिनीला नमस्कार सांग, मग स्वतः आशीर्वाद दे.

तुझी,
योगिनी

मानोरा,
६ मार्च

चि. सौ. योगिनीस,
अनेक आशीर्वाद. मी चुकलो असं काही लिहिणार नाही. पेटी माझ्याच देखरेखीखाली भरली होती. तुझी वहिनी बोलू लागली आहे आणि आता थांबत नाही.

दोन टन माल काल नागपूरच्या निर्यातदाराकडे रवाना झाला. तोडणीला मी स्वतः उभा होतो. त्या झाडांखाली मी कितीतरी वर्षांनी इतका वेळ थांबलो. बाबांची फार आठवण आली.

शेठ दरवर्षी घेवोत न घेवोत, झाडं राहतील. येत्या हिवाळ्यात त्यांच्याच फांद्यांवरचे डोळे जंभेरीच्या, म्हणजे खुंटाच्या रानलिंबाच्या, रोपांवर बांधून कलमं करणार आहे. विहिरीपलीकडच्या रिकाम्या पट्टीत पुन्हा बाबांचीच बाग उभी राहील, आणि तुझ्यामाझ्यानंतरही फळ देईल.

रुचिकाला घेऊन ये. वाट बघतो, एवढंच मागणं.

तुझा,
भागवतदादा