एक तास पन्नास मिनिटं

१४ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा दुखतो, औषध चालू आहे. तुझं पत्र परवा पोचलं. वाचून झाल्यावर मी साबणाने हात धुतले. खोटं नाही सांगत.

तू लिहितोस, 'इतक्या लांबून मी वेळेवर कसा पोचणार होतो?' हे शेजाऱ्यांना सांग, मला नको. नऊ वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरला उभी आहे मी. तुझं शहर ते आपलं शहर अकराशे वीस किलोमीटर, एक तास पन्नास मिनिटं. वारा मागून असला तर दहा मिनिटं कमीच.

बाबा अंथरुणाला खिळल्यापासून रोज विचारायचे, "विमानाला किती वेळ लागतो गं?" मी सांगायचे. "म्हणजे माझी दुपारची झोप होईस्तोवर येईल की," म्हणत डोळे मिटायचे. उठले की आधी दाराकडे बघायचे. भूगोल शिकवण्यात हयात गेली त्यांची, आणि अंतर मला विचारत होते.

शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, तू फोनवर म्हणालास, "मान वर काढायला फुरसत नाही." बुधवारी संध्याकाळी परतीच्या विमानाच्या यादीत तुझं नाव दिसलं. नोंदीत दिसत होतं, सकाळीच आला होतास. दिवसभर आपल्याच शहरात होतास, आणि चाळीस मिनिटांवरच्या घरी फिरकला नाहीस. माझी पाळी सकाळची, हे तुला ठाऊक. त्या दिवशी मैत्रिणीसाठी मी ती बदलली होती.

आधी वाटलं, त्याच नावाचं दुसरं कोणी असेल. मग तू दिसलास. बरोबर ऑफिसातले दोघं, हातात चॉकलेटचा डबा, कशावर तरी हसत होतास. बाबांसारखंच, मान मागे टाकून.

आता जे लिहायचं टाळत होते ते. विमानाला तीन तास उशीर होता. तू माझ्याच रांगेकडे वळलास. "दादा, टॅक्सी कर, बाबा दाराकडे डोळे लावून बसलेत," एवढं म्हटलं असतं तर कदाचित गेला असतास. पण पडलेलं लेबल शोधायच्या निमित्ताने मी काउंटरखाली वाकले आणि शेजारच्या मुलीला म्हणाले, "यांचं तू बघ." लाज तुला वाटायला हवी होती, आणि लपले मी.

घरी येऊन बाबांना सांगितलं, दादा निघाला होता, धुक्यामुळे विमान रद्द झालं.

"बिचारा," ते म्हणाले. "ताटकळला असेल तिथे. काही खाल्लं का, विचार त्याला."

शुक्रवारी ते गेले. शनिवारी तू पहिल्या विमानाने आलास, तेव्हा बरं जमलं. तू विचारलंयस, 'शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का?' हेच बोलले. तुझी किळस येते दादा, आणि तुझं पाप माझ्या तोंडाने धुऊन दिलं म्हणून माझी त्याहून जास्त.

आईला यातलं काही माहीत नाही. रविवारी तू येशील तेव्हा ती पाणी देईल, जेवायला वाढेल, प्रवास कसा झाला विचारेल. तेव्हा तिला सांग. मी आत स्वयंपाकघरात असेन. ताटावरून उठेपर्यंत तू बोलला नाहीस, तर बाहेर येऊन मी बोलेन. तुझंही सांगेन, माझंही.

'तुझी लाडकी' लिहायला हात धजत नाही.

बाबांची धाकटी