धवला आणि साउंड कार्ड

होळी, वसई
दि. ६ जानेवारी २००३

॥ श्री ॥

चि. अल्पेशला श्रीपतमामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, फक्त माझा जीव ठिकाणावर नाही. फोनवर तुझं अर्धं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं कळत नाही, म्हणून पत्र लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत, तुझा पेणला कॉम्प्युटरचा क्लास. चुकलं तर हसून सोडून दे.

माझ्या रमेशच्या मुलीचं, तेजस्वीचं लग्न अक्षय तृतीयेचं ठरलं, हे तुम्हाला कळलंच आहे. पोरीने घरात कॉम्प्युटर जोडायला घेतलाय आणि तिच्या डोक्यात भलतंच शिरलंय. एकोणऐंशी साली रमेशच्या लग्नात तुझ्या आजीने, म्हणजे आमच्या आईने, अख्खा धवला गायला होता, त्याची कॅसेट माझ्या कपाटात आहे. आई गावची धवलारीण होती. तिने मांडवात धवला गाऊन लग्न लावल्याशिवाय आमच्यात कोणाचं लग्न लागल्यासारखं वाटायचं नाही. ती गेली आणि पुढे होऊन गाणारं घरात कोणी उरलं नाही. तेजस्वी म्हणते, कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेऊ, तिची सीडी करू आणि लग्नात पणजीच लग्न लावेल. हे ऐकल्यापासून मला दोन घास जास्त जातात, पण घशात अडकतात.

आता अडचण अशी की दुकानदार सांगतो, आवाजाची सोय मोठ्या बोर्डावरच आयती दिलेली असते, वेगळं साउंड कार्ड कशाला हवं. तेजस्वी म्हणते, कार्डच हवं. मी दोघांपुढे मान हलवली. तू सांग, बोर्ड की कार्ड?

करून बघू म्हणायची सोय नाही. आई म्हणायची, धवला मधीच तोराचा नाय. एकदा सुरू झाला की संपेपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर संसार अर्ध्यावर राहतो. भरल्यापासून कॅसेट एकदाही लावलेली नाही. फीत जुनी, एकदा वाजेल, दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही. मशीन मध्येच अडकलं तर मी कोणाला तोंड दाखवू?

तुझ्या आईला, कमळीला, माझी आठवण सांग. आमच्यावरची माया आटू देऊ नका आणि उत्तर लवकर पाठव.

तुझा
श्रीपतमामा


पेण
दि. १४ जानेवारी २००३

ती. मामांस अल्पेशचा शि. सा. नमस्कार.

तिळगूळ पाकिटात घालणार होतो, पण आई म्हणाली, वाटेत मुंग्याच पत्र वाचतील. तेव्हा गोड बोलणं तेवढं पाठवतो.

दुकानदार खोटं बोलत नाही. गाणी ऐकायची, सिनेमा बघायचा, तर बोर्डावरचा आवाज पुरतो. पण आपल्याला आवाज बाहेर सोडायचा नाही, आत घ्यायचाय, आणि तोही एकदाच. विहिरीवरच्या पंपाशेजारी तुम्ही रेडिओ ठेवता तेव्हा तो कसा खरखरतो ते आठवा. बोर्डावरचा आवाजाचा भाग असाच भर गोंगाटात बसलेला असतो. पंखा, डिस्क, माऊस, सगळ्यांची कुजबुज त्यात उतरते. वेगळं कार्ड म्हणजे रेडिओ उचलून लांब ओटीवर नेऊन ठेवणं. माझं मत कार्डाला.

पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका, परीक्षा घ्या. धवल्याची कॅसेट कपाटातच राहू द्या. कॅसेट वाजवायच्या डेकची वायर कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात घाला, गुलाबी भोक माईकचं, तिथे नको. मग डेक चालू न करता, काहीही न वाजवता पाच मिनिटं रेकॉर्ड करा. एकदा बोर्डावर, एकदा कार्डावर. ज्याची शांतता चांगली, तो आपला.

आई तुमचं पत्र ऐकून उठून बसली. चार वेळा वाचायला लावलं. तिला मी गाऊन दाखव म्हटलं, तर म्हणते, मी जन्मभर आईच्या मागून ओळ झेलली, पुढे कोणी असलं की मला येतं, नसलं की तोंडात नुसती हवा. आणखी एक निरोप तिने तीन वेळा सांगितला, म्हणून लिहितो: काहीही घ्या, पण दादाला, म्हणजे तुम्हाला, मशीनजवळ बसू देऊ नका. का, ते विचारलं तर हसते.

तुमचा हात आमच्या डोक्यावर असाच असू द्या.

आपला
अल्पेश


होळी, वसई
दि. ९ फेब्रुवारी २००३

॥ श्री ॥

चि. अल्पेश यास आशीर्वाद, या वेळी जरा जास्तच.

अरे, काय सांगू. शेजारच्या फर्डिनंडने आपला डेक स्वतः उचलून आणला. बोटीवरच्या नोकरीत असताना त्याने आणलेल्या टेपवरच आईचा आवाज भरला होता, म्हणून तो म्हणाला की बारशाला मी होतो, तर आता मलाच बोलवा. तो, मी आणि तेजस्वी, आम्ही तिघं कॉम्प्युटरपुढे बसलो आणि काहीच न वाजवता रेकॉर्ड करू लागलो. माझी बायको जयवंती दारात उभी राहून म्हणाली, म्हातारे झालात तरी एवढं चूप बसलेलं मी तुम्हाला पहिल्यांदा बघते.

बोर्डावरची शांतता ऐकली आणि मी हबकलो. गांधीलमाशी डब्यात कोंडावी तसा आवाज. तेजस्वीने माऊस हलवला की त्यात कोणीतरी वाळू चाळल्यासारखं व्हायचं. मग तिने कार्ड बसवलं, वायर तीच, भोक तसंच निळं. ऐकलं तर काही नाही. दुपारी विहिरीत डोकावल्यावर असतं, तसं गार काही नाही. फर्डिनंडने छातीवर क्रूसाची खूण केली. मी उठून माडाखाली एक फेरी मारून आलो, पाय जागेवर राहीनात.

काल सकाळी कॅसेट लावली. मी निरोप पाळला, हात मांडीखाली घालून बसलो. आणि अल्पेश, आई बोलली रे. तिने श्वास घेतला तोसुद्धा ऐकू आला. तिच्या बांगड्या ऐकू आल्या. आणि तिच्यामागून ओळ झेलणारी तुझी आई, कोवळ्या गळ्याची. तीस मिनिटं फीत कुठे अडली नाही.

आता जे लिहितो ते तुझ्यापाशी ठेव. तीस मिनिटांनी बाजू संपली आणि धवला संपला नाही. शेवटचा आशीर्वाद, ज्यात दोन्ही घरांची नावं गुंफून आई लग्न पुरं करायची, तो कॅसेटवर नाहीच. त्या दिवशी टेप माझ्या हवाली होता. मी मांडववाल्याशी भांडायला गेलो आणि बाजू उलटायची राहिली. परत येऊन बघतो तर बटण वर आलेलं. सगळ्यांना सांगितलं, पुरा धवला भरला. चोवीस वर्षं तेच सांगत आलो. फीत जपतो म्हणायचो, खरं म्हणजे कोणी शेवट ऐकू नये म्हणून कपाटाला कुलूप होतं. आता भर मांडवात, आशीर्वादाच्या तोंडावर आई गप्प होणार. तेजस्वीने कॅसेट डबीत घालून माझ्या हातात दिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

सीडी सोबत आहे. आधी तू एकटा ऐक. कॉम्प्युटरमध्ये काही युक्ती असेल तर कर. कमळीला एवढ्यात सांगू नकोस, तिच्यापुढे मी थोरला आहे.

वाट बघतो. माझं चुकलं तरी मला आपलंच म्हणा.

तुझा
श्रीपतमामा


पेण
दि. १८ फेब्रुवारी २००३

ती. श्रीपतदादास धाकट्या कमळीचा वाकून नमस्कार.

मी सांगते आणि अल्पेश लिहितो, त्यात त्याने पदरचं घातलं तर मला ठाऊक नाही. तुझं पत्र त्याने खिशात लपवलं आणि सीडी मात्र टेबलावर ठेवून क्लासला गेला. एवढा शिकून काय उपयोग. क्लासमधल्या मुलीला बोलावलं, तिने लावून दिली.

दादा, आई समोर येऊन उभी राहिली. किती स्वच्छ रे. माझ्या घरच्या रेडिओतसुद्धा माणूस इतकं जवळ बोलत नाही. ती ओळ पुढे टाकायची आणि माझं तोंड आपोआप उघडायचं. आतली कमळी गात होती आणि बाहेरची पण. खुर्ची सोडून मी खाली मांडी घालून बसले, मांडवात बसायचे तशी. मग खट् झालं. आई थांबली. मी थांबले नाही. थांबायचं नसतं, एवढंच डोक्यात होतं. आशीर्वाद निघाला दादा, दोन्ही घरांच्या नावांसकट, शेवटच्या ओळीपर्यंत. आपला अल्पेश दारात चपला हातात घेऊन उभा होता, त्याला विचार. तेव्हाच त्याच्या खिशातलं पत्र मी काढून घेतलं.

आणि तुझ्या चोवीस वर्षांच्या चोरीबद्दल. ते खट् मी तेव्हाच ऐकलं होतं, आईनेही ऐकलं होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. पण तुला हाक मारायची तर धवला तोडावा लागला असता. म्हणून गात राहिलो. नंतर आई म्हणाली, त्याला सांगू नका, खूश आहे तर राहू दे. तू आमच्यासाठी कुलूप लावलंस आणि आम्ही तुझ्यासाठी तोंडाला.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी येते. मांडवात सीडी लावा, आई पुढे गाईल, मी मागून झेलेन, आणि जिथे ती थांबेल तिथून मी पुढे होईन. त्याआधी घरी तुमच्या कार्डावर माझा शेवट नीट भरून घ्या, म्हणजे आता कोणाचं काही अर्धं राहायला नको. तेजस्वीला माझ्यामागे ओळ झेलायला बसव. नवरी असली म्हणून काय झालं, गळा तिलाही आहे.

लोभ आहेच, तो कमी होण्यातला नाही. फक्त त्या आठ दिवसांत हात मांडीखालीच ठेव.

तुझी
कमळी