लोटनआबांच्या हौदाशेजारी

भडगाव, ९ जुलै १९७३

प्रिय सुकदेव,

तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं का? आई गेली तेव्हा तुला साक्रीहून हलता आलं नाही, याचं मनाला लावून घेऊ नकोस. इथे असून मीही काही केलं नाही. सकाळी पवित्र शास्त्र उघडतो, तेच पान समोर राहतं. रडू येत नाही.

आईचा भाऊ गिरणेत बुडाला, तेव्हापासून ती नदीत उतरली नाही. बाबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हाही ती काठावरच होती. चाळीस वर्षं देवळात मागे बसून तिने सगळी गीतं पाठ केली. यंदा दुष्काळात नदीचं वाळवंट झालं आणि तीच म्हणाली, आता बाप्तिस्मा घेते. पण गुडघाभर पाणी कुठे नव्हतं, आणि आपल्यात पूर्ण बुडवावंच लागतं, डोक्यावर शिंपडलेलं चालत नाही. तीन वर्षांपूर्वी बाकीच्या ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्या, आपण बाहेर राहिलो, तेही मुख्यतः याच कारणाने. तू पाळक, तुला मी काय सांगू.

लोटनआबांनी विचारलं, "तुमना देवले किती खोल पानी लागस रे?" आणि मळ्यातला हौद देऊ केला. मंडळीचं वडीलमंडळ कबूल झालं. रविवारी आई पांढरं लुगडं नेसून निघाली. हौदापाशी आबांची गुरं माना घालून उभी होती. विहिरीने तळ गाठलेला, दिवसभराचं पाणी तेवढंच. आई काठावर बसली. "ढोरेसले पिऊ दे, भाऊ. मी मंग नदीमाच लिसू." नदीत उतरायचं नाव तिने पहिल्यांदाच काढलं. आबा हसले, म्हणाले, "म्हतारी आमनी ढोरे बाटाडाले बी तयार नही." बाटवण्यावरची ती थट्टा ऐकून तीही हसली.

पुढच्या आठवड्यात ती गेली. वडीलमंडळाची माणसं दारात येऊन उभी राहिली. दफनाला कोणी नाही म्हटलं नाही. पण दफनभूमीची किल्लीही कोणी आणली नव्हती. बाप्तिस्मा न झालेल्याला तिथे जागा नाही, हे मला ठाऊक होतं. मी किल्ली मागितली नाही. आबांनी मळ्याचा कोपरा दाखवला आणि स्वतः कुदळ घेतली.

आता गिरणेला कमरेवर पाणी आहे. रविवारी बाप्तिस्मे आहेत, त्यासाठी मंडळी तुला बोलावणार आहे. आलास की नेहमीसारखा तू आधी बाबांच्या कबरीकडे जाशील आणि शेजारची जागा रिकामी बघशील, म्हणून हे लिहिलं. आई तिथे नाही. त्या दिवशी प्रार्थना कोणीच म्हटली नाही, मलाही म्हणता आली नाही. नदीवर जाण्याआधी मळ्यात ये. पाळक म्हणून येशील की मुलगा म्हणून, ते तू ठरव.

तुझाच भाऊ,
कौतिक