यरीहोची भिंत आणि यंदाचे फेरे

शिरूर कासार,
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय शमू,

प्रभूच्या नावानं अक्काचा सलाम.

“बाबा, ज्या काळात ती भिंत पडली म्हणता, त्या काळात तिथं भिंतच नव्हती.” तुझं हे वाक्य आज सकाळी बाबांनी माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. तू जेवायला बसून हे बोललास तेव्हा मी भाकरी थापत होते, आणि बाबांनी तुझ्या पुढ्यातलं ताट उचललं होतं. ताट उचललेलं त्यांना आता आठवत नाही. वाक्य आठवतं.

बाकी इथं ठीक. झटक्यानंतर बाबांचा डावा हात अजून उचलत नाही, पण जीभ परत आली, आणि आली ती वाद घालायलाच. पावसानं कापूस गेला, म्हणून यंदा आपल्या मंडळीतली जवळजवळ सगळी घरं ऊसतोडीला निघणार. माझं शिवणकाम चालू आहे. नगरहून एक पत्र आलंय, त्याचं नंतर लिहिते.

तुला फेरे आठवत असतील. ट्रक लागायच्या आधी सहा दिवस प्रार्थनाघराभोवती रोज एक फेरी, कुणी बोलायचं नाही. सातव्या दिवशी सात, मग म्हाळू बँडवाल्याची पिपाणी आणि सगळ्यांनी मिळून आरोळी. बायबलात यहोशवाच्या माणसांनी यरीहोभोवती फिरून भिंत पाडली तसंच. आपल्या लोकांना भिंत पाडायची नसते. फेरे घातले की तोडीवर गेलेलं माणूस धड परत येतं, एवढंच.

यंदा फेरे थांबलेत, आणि ते तुझ्यामुळे.

मंडळीतल्या आप्पारावांनी उपासनेनंतर मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. समुद्राच्या तळाशी फारोच्या रथाची चाकं, यरीहोची भिंत, सगळं सगळं सापडलं, विज्ञानानं मान्य केलं. मंडळी आमेन म्हणाली. बाबांनी तो पुन्हा लावायला सांगितला आणि विचारलं, हा बोलणारा कुठं खोदायला गेलता का?

“न्हाई पाळकसाहेब, पर लई अभ्यास हाय त्याचा.”

“आमचा शमू त्या यरीहोच्या खोऱ्यात एक हंगाम खोदून आलाय. त्याला विचारू.”

शमू, इतकी वर्षं ज्या घरात तुझं नाव निघालं की भांडी आपटायची, तिथं तुझा शब्द अखेरचा ठरला. पुढच्या रविवारी त्यांनी चाकांच्या खुर्चीतूनच जाहीर केलं की शमूचं उत्तर येईपर्यंत फेरे नाहीत. रतनबाई उठून उभी राहिली.

“आमचा मुकादम शमूच्या चिठ्ठीसाठी ट्रक थांबवणार हाय व्हय? भिंत तिकडं पडली का न्हाई ते तुमी बापलेक बघा. आमाला फिरू द्या.”

बाबा म्हणाले, “रतन, जे घडलंच न्हाई त्याच्याभोवती तुमाला फिरवू का मी?”

रोज संध्याकाळी आमचा वाद चालतो. तुझं ते खोदकामावरचं जाड पुस्तक मी अजून ठेवलंय, त्यातलं वाचून मराठीत सांगते. जळक्या धान्यानं भरलेले रांजण सापडले, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, आपल्याकडचा माणूस जळत्या घरातून आधी ज्वारी काढील. त्या लोकांनी भरलेले रांजण सोडले, म्हणजे लुटू नका असा कुणाचा तरी हुकूम असणार, आणि शास्त्रात तेच आहे. मी पुढचं वाचलं की दाणे जळाले खरे, पण यहोशवाच्या दीडशे वर्षं आधी. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, इतक्या जुन्या गोष्टीत दीडशे वर्षांचा घोळ होत नसंल का? मी म्हटलं, काही जाणकारही तसं म्हणतात, पण थोडे. “शमू थोड्यांत हाय का बाकीच्यांत?” मी दिवा लावायला उठले.

परवा मी चिडून म्हटलं, नुसते फेरे लावा ना, कोण विचारतंय. तेव्हा ते जे बोलले ते तुला लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय.

“मी पोराला त्या भिंतीपायी घराबाहेर काढलं. भिंत नव्हतीच, तर मग कशापायी काढलं?”

आता तू ‘नव्हती’ लिहिलंस तर ते हा प्रश्न उशाशी घेऊन पडून राहतील. ‘होती’ लिहिलंस तर खोटं त्यांना लगेच कळेल, तुझं अक्षर त्यांनीच वळवलंय. म्हणून मी तुझं उत्तर मागत नाही.

नगरचं पत्र आता सांगते. मुलींच्या वसतिगृहात त्यांना देखरेखीला बाई हवी आहे. राहायला खोली आहे, खिडकी रस्त्यावर उघडते. मी बघून आले, बाबांना कापड आणायला जाते असं सांगून. नाताळाच्या आत कळवायचंय. बाबांना आडून विचारलं होतं, तर म्हणाले, शमू आला की जा. हेच ते आई गेली तेव्हाही म्हणाले होते. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते.

तुम्ही दोघं भिंत होती की नव्हती यावर भांडलात. आत राहिले ती मी.

ट्रक दिवाळीनंतर लागतील. त्याच्या आधी ये. बाबांची खुर्ची ढकलत त्या लोकांबरोबर फीर. आमेन म्हणू नकोस, आरोळीही देऊ नकोस. बाबांनी विचारलं तर तुला जे ठाऊक आहे तेच सांग, पण त्यांच्या शेजारी बसून सांग. आणि मग थोडे दिवस राहा, मला जाऊ दे.

तू म्हणशील, जे घडलंच नाही त्याच्याभोवती मी कसा फिरू? बाबाही हेच म्हणतात, शब्दाला शब्द. तेव्हा तू नाही म्हणणार, हे मी धरून चाललेय. फक्त ते कागदावर लिहून धाडू नकोस. इथं ये, मी भाकरी थापत असताना समोर बस, आणि मग मला नाही म्हण.

ताट मांडून ठेवणारी,
तुझी अक्का
मार्था